सोडण्याआधी हातात यावे लागते

बीड जिल्ह्यात शेतकरी वारला की सातबाऱ्यावर वारसांचा फेरफार होतो, मुलींची नावे चढतात आणि पुष्कळदा त्यापाठोपाठ बहिणींचे हक्कसोडपत्रही होते. मुकाट्याने सही करणारी बहीण शहाणी ठरते. न करणारीचे माहेर तुटते. या व्यवहाराच्या बाजूने कोणी कायदा सांगत नाही, धर्म सांगतात: मुलगी परक्याचे धन, पिंड देणार तो मुलगा, आणि बाईला त्यागच शोभतो. हे खरोखर धर्माला धरून आहे का, हे तपासलेच पाहिजे, कारण वारस कोण याचा हिशेब माणूस मेल्यावरच होतो असे नाही, जन्माआधीही होतो. 2011 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात या जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. राज्यातला हा सर्वांत कमी आकडा.

या प्रश्नाची कसोटी पाहण्यासाठी विजयालक्ष्मी पंडित यांचे आयुष्य घ्यावे. लेखिका, मंत्री, राजदूत, आणि 1962 ते 1964 या काळात महाराष्ट्राच्या राज्यपाल. 1937 साली त्या संयुक्त प्रांतात मंत्री झाल्या, त्या अनुभवावर पुस्तक लिहिले, पुढे तुरुंगातली रोजनिशीही प्रसिद्ध केली. पती रणजित पंडित मराठी सारस्वत घराण्यातले, राजतरंगिणीचे इंग्रजी भाषांतर करणारे संस्कृतज्ञ. जानेवारी 1944 मध्ये, तुरुंगवासाने खचलेल्या प्रकृतीने ते गेले. मागे पत्नी आणि तीन मुली, मुलगा नाही. सासरच्यांनी मिळकत एकत्र कुटुंबाची असल्याचा दावा केला. विधवेला हयातीपुरता हिस्सा देणारा 1937 चा कायदा तेव्हा होता, पण मुलींना त्यात स्थान नव्हते. प्रांताचा कारभार पाहिलेल्या बाईला आपल्याच संसारात आश्रितासारखे उभे राहावे लागले. ती नेहरूंची बहीण, तिचे आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचे काय साम्य, असे कोणी म्हणेल. पण शिक्षण, पद, नाव, भावाचा आधार, सगळे असूनही जो नियम वाकला नाही, तो कोयता घेऊन कारखान्यावर जाणारीसाठी आपोआप वाकेल, असे कसे मानायचे?

आता धर्माकडे येऊ. ब्रिटिश न्यायालयांनी ज्या ग्रंथाला आपल्याकडच्या वारसाहक्काचे प्रमाण मानले, ती मिताक्षरा कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीत, सहाव्या विक्रमादित्याच्या काळी, विज्ञानेश्वराने रचली. ते कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. अंबाजोगाई, परळीचा मुलूखही त्याच राज्यातला. बंगालातल्या जीमूतवाहनाने वारसा पिंडदानाशी जोडला. विज्ञानेश्वराने तसे केले नाही. त्याच्या मते सपिंड म्हणजे एकाच शरीराचे अंश ज्यांच्यात आले आहेत ते. या व्याख्येपुढे ‘पिंड देतो म्हणून मुलगा वारस’ हा युक्तिवाद टिकत नाही. बापाच्या शरीराचा अंश मुलीतही असतो. विभक्त होऊन निपुत्रिक वारलेल्या पुरुषाचे धन आधी पत्नीला आणि मग मुलीला, असे तो सांगतो. वारशाने आलेले धनही तो स्त्रीधनात धरतो. पतीकडून वारशाने आलेली मिळकत स्त्रीधन नव्हे, हा संकोच एकोणिसाव्या शतकात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने केला. यावर आक्षेप येईल, आणि तो खरा आहे: एकत्र कुटुंबात जन्मसिद्ध हक्क त्याने मुलग्यांनाच दिला आणि तिथल्या विधवेला पोटगीवर ठेवले. पण मग त्याचेच तत्त्व त्याच्याच व्यवस्थेपुढे ठेवायला हवे. जन्मानेच हक्क मिळतो आणि शरीराच्या अंशाने नाते ठरते, तर मुलीला वगळण्याचे कारण या तत्त्वांत कुठेच सापडत नाही. ते रूढीत सापडते.

सर्वांत वजनदार आक्षेप त्यागाचा. बहीण प्रेमाने सोडते, तुम्ही मध्ये का येता? स्वतः गांधीजींनी विजयालक्ष्मींना सासरच्यांशी समेट करायला सांगितला, आणि त्यांनी तो केला. हे मोठेपण मी कमी लेखत नाही. पण त्यांनी वैर सोडले. आपल्यावर अन्याय झाला हे म्हणणे सोडले नाही, 1979 च्या आत्मचरित्रात ते लिहून ठेवले. शिवाय दानाबद्दल आपले शास्त्रकार काटेकोर आहेत. आधी स्वतःचे स्वामित्व असावे, ते स्वेच्छेने संपवावे आणि दुसऱ्याचे निर्माण व्हावे, तेव्हा दान होते. नारदस्मृती तर भीतीने किंवा शोकात दिलेले दिलेच नाही असे मानते. बापाचे दिवस होताहोताच, माहेर तुटण्याच्या धाकाने घेतलेली सही या दोन्हींत बसते. तिला त्याग म्हणणे हा त्यागाचाच अपमान आहे.

उरतो शेवटचा बचाव: हा घरातला मामला आहे. नेमके हेच वाक्य विजयालक्ष्मींनी जगाच्या व्यासपीठावर ऐकले. 1946 साली दक्षिण आफ्रिकेने भारतीयांच्या जमीन घेण्यावर आणि राहण्यावर बंधने घालणारा कायदा केला. संयुक्त राष्ट्रांत भारताची बाजू त्यांनी मांडली, तेव्हा ही आमची अंतर्गत बाब, असे दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स यांचे म्हणणे होते. 8 डिसेंबरला आमसभेने दोन तृतीयांश मतांनी भारताच्या बाजूने ठराव केला. सात वर्षांनी त्याच सभेच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. माणसाचा हक्क बुडतो तेव्हा तो कोणाच्या हद्दीत बुडाला, हा बचाव होऊ शकत नाही, हे तिथे मान्य झाले. मग देशाच्या सीमेला जे लागू नाही ते घराच्या उंबऱ्याला का लागू असावे?

1956 च्या कायद्याने हिंदू स्त्रीचा हयातीपुरता हक्क पूर्ण मालकीचा केला. महाराष्ट्राने 1994 मध्ये, केंद्राच्या अकरा वर्षे आधी, मुलींना एकत्र कुटुंबात जन्मसिद्ध हिस्सा दिला. म्हणजे नाव चढण्याची अडचण आता कायद्यात नाही. ज्यांना बहिणीच्या त्यागाचे खरोखर मोल आहे, त्यांनी फेरफारानंतर निदान दोन हंगाम तिच्या हिश्शाचे पीक किंवा बटईचा पैसा तिच्या हातात द्यावा, आणि हक्कसोडीची गोष्ट तिने स्वतः काढेपर्यंत काढू नये.