आधी कोणाचे गाऱ्हाणे?

वाचकहो, दारात एकाच वेळी चार गरजू उभे आहेत आणि आपल्याला आधी एकाचेच काम करता येणार आहे. मग पहिला कोण? प्रश्न व्यवहाराचा वाटतो, परंतु त्याच्या पोटात न्याय-अन्यायाचा प्रश्न दडलेला आहे.

सुरतेहून बारडोलीकडे जाताना मुंबई-अहमदाबाद महामार्ग जेथे आडवा येतो, ते कडोदरा. भोवताली यंत्रमाग आणि कापड रंगवण्या-छापण्याच्या गिरण्या. सुरत परिसरात खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेली मराठी कुटुंबे पुष्कळ; आपल्यापैकी कोणाचा मुलगा वा भाचा तेथे असेलही. अशा एखाद्या गिरणीची कल्पना करा. व्यापारी कोरे कापड आणून देतो, गिरणी ते रंगवून परत करते व मजुरी घेते. सकाळी रंगखात्याचा मास्तर, तपासनीस, हिशेबनीस आणि माल रवाना करणारा असे चौघे बसले आहेत. पुढ्यात चार तक्रारी. मोठ्या व्यापाऱ्याच्या मालाची छटा नमुन्याहून किंचित फिकी आली, म्हणून तो फोनवर ओरडतो आहे. दुसऱ्याच्या बिलात चूक आहे. तिसऱ्याचा माल दोन दिवस उशिरा पोहोचला. चौथा लहान व्यापारी. त्याने चिठ्ठीत एवढेच लिहिले आहे की, कापड धुतले की लाल रंग सुटतो.

मन आधी कोठे धावेल? अर्थात ओरडणाऱ्याकडे. पण थोडे थांबून पाहा. रंगवल्यानंतर धाग्यावर उरलेला जादा रंग नीट धुऊन काढला नाही, तर तो पुढे सुटतो. म्हणजे दोष एका चिठ्ठीपुरता नाही. तो आज, या क्षणी चालू असलेल्या यंत्रातही असू शकतो. दर तासाला नवे कापड बिघडत असेल. आणि ज्या माउलीने ती साडी सणासाठी घेतली, तिच्या इतर कपड्यांनाही डाग पडतील. ती गिरणीला फोन करणार नाही. तिला गिरणीचे नावही ठाऊक नाही. म्हणून आधी यंत्र थांबवून तपासावे.

तेव्हा क्रम ठरवताना तीन प्रश्न विचारावेत. हानी भरून येणारी आहे की नाही? ती किती जणांना पोहोचते? आज हात लावला नाही तर उद्या वाढेल काय? कोण किती जोराने बोलतो, हा त्यांत चौथा प्रश्न नाही. कोणी म्हणेल, मोठा व्यापारी गेला तर शंभर घरांची चूल विझेल. हे खरे असेल तर तीही हानीच. तिचे माप अवश्य धरावे. पण माप हानीचे धरावे, आवाजाचे नव्हे.

याच सुरतेने १९९४ साली प्लेगचे भय अनुभवले. साचलेले पाणी आणि न उचललेला कचरा यांच्याकडे दुर्लक्ष केले, तर ते एका वस्तीपुरते राहत नाही, हे तेव्हा साऱ्यांना कळले. १९९५ साली महापालिका आयुक्त झालेल्या एस. आर. राव यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना रोज प्रत्यक्ष वस्त्यांत फिरायला लावले आणि विभागांच्या अधिकाऱ्यांना निर्णयाचे अधिकार दिले. पुढे थोड्याच काळात सुरत देशातील स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. बोध असा, की जे तक्रार घेऊन येत नाहीत, त्यांच्याकडे आपण चालत जावे लागते.

आयदक्की लक्कम्मांची कथा आपणास ठाऊक आहेच. पती मारय्यांनी एके दिवशी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ वेचून आणले, तेव्हा त्यांनी ते परत ठेवून यायला सांगितले. किती मिळाले, यापेक्षा गरज किती, हा त्यांचा प्रश्न. तक्रारींपुढे बसणाऱ्यांनीही हाच विचारावा. अमुक गिऱ्हाइकाकडून किती मिळते, हे नंतर. कोणाची गरज मोठी, हे आधी. असे केले तरच काम नुसती मजुरी न राहता कायक होते.

एक कर्तव्य मात्र उरते. ज्यांना थांबवले, त्यांना अंधारात ठेवू नये. केव्हा पाहू आणि उशीर का, हे त्याच दिवशी सांगावे. कारण न सांगता थांबवणे हा अपमान आहे.

आज आपल्या दुकानात, कचेरीत किंवा घरात कोणाची चिठ्ठी तळाशी पडून आहे, हे एकदा पाहाल ना?

शरणु शरणार्थी.