सात अंगांचा वाद

स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड (सैन्य) आणि मित्र ही राज्याची सात अंगे पाठ्यपुस्तकात यादी म्हणून येतात आणि परीक्षेनंतर विसरली जातात. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या सहाव्या अधिकरणात यादीच आहे. पण तिच्यात जीव येतो तो आठव्या अधिकरणात. दोन अंगांवर संकट आले तर अधिक घातक कोणते, असा तिथला प्रश्न आहे. आधीच्या आचार्यांपैकी भारद्वाजाच्या मते राजापेक्षा अमात्यांवरचे संकट वाईट. मग विशालाक्ष जनपदाला पुढे करतो, पराशराचे अनुयायी दुर्गाला, पिशुन कोशाला, कौणपदंत सैन्याला आणि वातव्याधी मित्राला. कौटिल्य सगळ्यांना खोडून मूळ क्रम राखतो, पण कारणे देऊन. जनपदाशिवाय किल्ला कशाचा? वस्ती नसेल तर डोंगरावरचे आणि बेटावरचे दुर्ग ओस पडतात. सैन्यही कोशावर उभे असते. पगार थकला की ते शत्रूला मिळते, नाहीतर राजाच्याच जिवावर उठते. राज्याची रचना म्हणजे परस्परावलंबनाचा हिशेब, ही कल्पना या वादात घडली.

यावर आक्षेप असा की, राजा आणि राज्य या दोहोंत सगळी अंगे सामावतात असे कौटिल्यच पुढे म्हणतो. मग उरलेली अंगे राजाची साधनेच ठरत नाहीत काय? आक्षेप वजनदार आहे. तरीही शिकार, द्यूत, मद्य, क्रोध ही राजाची व्यसने तो त्याच अधिकरणात तपासतो. राजा पहिला असला, तरी तपासणीतून सुटत नाही. मनुस्मृती आणखी पुढे जाते. आधी तीही उतरता क्रम सांगते, पण लगेच संन्याशाच्या त्रिदंडाचा, म्हणजे एकत्र बांधलेल्या तीन काठ्यांचा, दाखला देऊन कोणतेही अंग दुसऱ्याहून श्रेष्ठ नाही, जे काम ज्या अंगाने साधते त्या कामात ते मोठे, असे ठरवते. अठराव्या शतकात रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने दुर्गाला राज्याचे सार मानले. किल्ले नसले तर परचक्रात मोकळा मुलूख उद्ध्वस्त होतो, हे त्याचे कारण. कौटिल्याचे उत्तर इथे नेमके उलटे झाले आहे. मोगलांशी झालेल्या दीर्घ युद्धात गडांच्या आश्रयाने टिकलेल्या मराठा राज्याचा हा अनुभव होता, आणि मला तो मनूच्याच निकषावर योग्य वाटतो.

दुसरा आक्षेप मात्र परतवता येत नाही. सात अंगांत प्रजेला वेगळे स्थान नाही. ती जनपदात, जमीन आणि करासोबत मोजली जाते. तिचा हक्क म्हणून काही मांडलेले नाही. मात्र तिच्या असंतोषाची भीती मांडली आहे: दरिद्री झालेली माणसे लोभी होतात, मग विरक्त होतात, आणि विरक्त झालेली शत्रूकडे जातात किंवा स्वतःच स्वामीचा वध करतात, असे कौटिल्य सातव्या अधिकरणात बजावतो.