सतरंजीवरचे सात दिवस

पांढुर्णा-सौसरकडे कुणी भरल्या संसारातून उठून गेलं, की ओसरीवर सतरंजी अंथरली जाते आणि भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, "देवालेबी चांगलीच माणसं लागतात." म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण कोपऱ्यात बसलेल्या बाईला ऐकू येतं ते वेगळंच: एवढ्या गावात देवाला माझंच घर दिसलं. आमच्या ख्रिस्ती घरांत हेच बोलणं 'प्रभूची योजना' म्हणून येतं. मला ते पटत नाही.

बायबलातल्या ईयोबाची लेकरं गेली तेव्हा त्याचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले. पुढे ते कारणं सांगू लागले आणि तिथेच चुकले. देवाने दोष दिला तो त्यांना. मित्र लाजराच्या कबरेपाशी येशूही कारण देत नाही. त्याला आपण आत्ता उठवणार, हे ठाऊक असूनही रडतो. रडणाऱ्याचा विश्वास उणा, असं मग कुणी कुठल्या तोंडाने म्हणावं?

कारण न सापडणारं असं एक मरण आपल्या जवळचंच आहे. नागपूरला शिकायला जाणाऱ्या आपल्या पोरांना हिस्लॉप कॉलेज माहीत असतं. ज्याच्या नावाचं ते, तो स्टीफन हिस्लॉप १८४५ साली स्कॉटलंडहून मिशनरी म्हणून नागपूरला आला. त्याने शाळा काढली, खडकांतले जीवाश्म शोधले, गोंडांची भाषा नि गाणी लिहून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ ला ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेम्पलबरोबर तो टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं बघायला गेला. तिथली शाळा पाहायची म्हणून मागे राहिला आणि अंधार पडताना घोड्यावरून एकटा निघाला. बोरीजवळच्या ओढ्याला पूर होता. जाम नदीकाठच्या माणसाला असं चढतं पाणी समजावून सांगायला नको. मुक्कामावर घोडा आला, पाठीवर स्वार नव्हता. चार दिवसांनी त्याला ४६ वर्षं पुरी झाली असती.

टेम्पलने त्याचे गोंडांविषयीचे अर्धेमुर्धे कागद जुळवले आणि १८६६ मध्ये छापले. हिस्लॉप का गेला, याचं उत्तर त्या कागदांत नाही. माझ्या लेखी सांत्वन मात्र आहे.

पंडिता रमाबाईंच्या वाट्याला तर हे फार आलं. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ १८८० मध्ये, नवरा १८८२ मध्ये पटकीने. लेक मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. रमाबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १८८३ चा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी आपल्याच मध्य प्रांतातून कितीतरी मुली वाचवून नेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनचं काम पुढे मनोरमाने चालवायचं होतं. २४ जुलै १९२१ ला तीच गेली, चाळिशीत. म्हातारी आई पुन्हा बायबलच्या मराठी भाषांतराकडे वळली आणि नऊ महिन्यांच्या आत स्वतःही गेली.

गेलेलं माणूस हरवलेलं नाही, ते देवाच्या हातात आहे, अशी आमची आशा आहे आणि मी तिला घट्ट धरून आहे. पण ती 'का'चं उत्तर नव्हे. तिच्या जोरावर माणसाला दुसऱ्याच्या दुःखाजवळ गप्प बसता येतं, एवढं मी पाहिलं आहे. सौसरला अशाच एका घरी शेजारीण रोज दुपारी येऊन भिंतीला टेकून बसायची. बायबल मांडीवर, मिटलेलं. पाचव्या दिवशी तिने एक संत्रं सोललं, फोडीच्या शिरा काढल्या, बिया काढल्या, आणि ती फोड त्या बाईच्या तळहातावर ठेवली. बाईने ती खाल्ली. मग शेजारणीने दुसरी सोलायला घेतली.