जुन्या मागाचे ऋण

ज्या साधनाने आपल्या हातास वळण लावले आणि कित्येक वर्षे घरखर्चास हातभार लावला, ते साधन जीर्ण झाले असता त्याच्याशी आपले कर्तव्य कोणते, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. मोडके ते टाकावे व नवे ते घ्यावे, असे व्यवहार सांगतो. परंतु खंडेनवमीच्या दिवशी ज्या वस्तूस आपण गंधफूल वाहिले, तीच वस्तू दुसऱ्या आठवड्यात भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवताना मनास जो संकोच वाटतो, तो केवळ हळवेपणा आहे की त्यामागे काही न्याय आहे, ह्याचा विचार होणे इष्ट आहे.

धार व देवास येथील आपल्या जुन्या वाड्यांची स्थिती सर्वांस ठाऊक आहे. वाटण्या होतात, चौक बुजतात, मुले इंदुराकडे किंवा त्याहून दूर स्थिरावतात आणि वडील मंडळींस अखेर दोन खोल्यांत संसार आवरावा लागतो. अशा घरी कोठे शिवणयंत्र असते, कोठे सुताराची पेटी. क्वचित एखाद्या घरी हातमागही असतो. आपण मागाचेच उदाहरण घेऊ, कारण जागेचा प्रश्न त्याच्याइतका दुसऱ्या कोणत्याही घरगुती साधनाने उभा केलेला नाही. समजा, एका गृहिणीने तीस-चाळीस वर्षे स्वतंत्र खोलीत माग चालविला. आता ती खोली सोडावयाची आहे. मागाचे सांधे ढिले झाले आहेत, चौकट काटकोनात राहिलेली नाही, त्यामुळे ताण्याचे धागे एका बाजूस ताठ व दुसऱ्या बाजूस सैल पडतात आणि कापडाच्या कडेस चुण्या येतात. विणणारी मात्र दोष देते आपल्या वयाला आणि दृष्टीला. घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आता पुरे झाले, माग विकून टाका व विश्रांती घ्या. दुसरा म्हणतो, आजीच्या हातची वस्तू आहे, कोठेतरी माळ्यावर सुटी करून ठेवा. लहान आकाराचा नवा माग घ्यावा, ही तिसरी गोष्ट बोलून दाखवण्यास त्या बाईसच संकोच वाटतो. ह्या वयात नवे साधन घेणे म्हणजे हौस, असे लोक म्हणतील ही तिची भीती असते.

ह्या प्रसंगी आपल्या तर्कशास्त्राचे साहाय्य घेण्यासारखे आहे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त कारणांचे तीन प्रकार सांगताना वस्त्राचेच उदाहरण योजलेले आहे. तंतू हे वस्त्राचे समवायी कारण. तंतूंचा परस्परसंयोग हे असमवायी कारण. आणि तुरी व वेमा, म्हणजे धोटा व माग, हे निमित्त कारण. जुन्या पाठशाळांत बाल विद्यार्थ्यांस हा पाठ दिला जात असे, आणि घराघरांत माग दिसण्याच्या त्या काळी तो समजण्यास कठीणही जात नसेल. ह्या विभागणीतला एक धागा आपल्या प्रश्नास थेट लागू पडतो. तंतू नष्ट झाले तर वस्त्र नष्ट होते. तंतूंचा संयोग सुटला तरीही वस्त्र उरत नाही. परंतु माग मोडला म्हणून त्यावर पूर्वी विणलेले वस्त्र मोडत नाही. निमित्त निघून गेले तरी कार्य टिकते.

म्हणजे जुना माग गेल्याने त्यावर विणलेल्या साड्या, चादरी, नातवंडांची दुपटी ह्यांपैकी काहीही जात नाही. ज्यास आपण आठवण म्हणतो ती मागाच्या लाकडात साठविलेली नसून त्या कापडात आणि ते वापरणाऱ्या माणसांत आहे. शिवाय ‘तोच जुना माग’ असे आपण ज्यास म्हणतो, त्यात जुने किती उरलेले असते? फणी दोनदा बदललेली, दोऱ्या दर वर्षी नव्या, पायांखालच्या पट्ट्या सुताराने कधीच नव्या बसविलेल्या. मिलिंद राजास नागसेनाने रथाविषयी जो प्रश्न विचारला, तो कोणत्याही विणकराच्या घरी विचारता येईल. दुरुस्ती करीत राहणे हेदेखील थोडे थोडे बदलणेच होय. एका दिवशी सर्व बदलले तर तेवढेच अपराधाचे, असे मानण्यास काही आधार दिसत नाही.

येथवर विचार सोपा आहे, आणि येथेच थांबले तर पहिल्या पक्षाचे म्हणणे सिद्ध होईल: माग केवळ निमित्त, तेव्हा द्या सोडून. परंतु माग हा केवळ कापडाचे निमित्त नव्हे. ज्या हाताने तो चालविला त्या हाताच्या कौशल्याचेही तो निमित्त आहे. हे दुसरे कार्य पहिल्यासारखे नाही. विणलेले कापड पेटीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवले तर वर्षानुवर्षे राहते. कौशल्य पेटीत राहत नाही. ते करीत राहिल्यानेच असते; चार-पाच वर्षे हात थांबला की तुटलेला धागा क्षणात सांधण्याची बोटांची सवय जाते, आणि पायाचा व हाताचा मेळ नव्याने जमवावा लागतो. तेव्हा कापडाच्या दृष्टीने माग गेला तरी चालतो. कौशल्याच्या दृष्टीने हा माग गेला तरी कोणता तरी माग असावा लागतो. पहिला पक्ष हे दुसरे कार्य विसरतो. आणि दुसरा पक्ष, माळ्यावर लाकडे ठेवू पाहणारा, तो तर लाकूड सांभाळून कौशल्य घालवितो. माझ्या मते ह्या दोघांत अधिक चूक दुसऱ्याचीच आहे, कारण तो आपण काही राखीत आहोत अशा समजुतीत असतो.

ह्याचे प्रत्यक्ष उदाहरण आपल्या शेजारीच आहे. विंध्याचा घाट उतरून नर्मदाकाठी गेले की महेश्वर लागते. पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी १७६७ नंतर तेथे राजधानी नेली, १७९५ मध्ये त्यांचा देहान्त होईपर्यंत तेथूनच राज्य चालविले, आणि बाहेरून विणकर आणवून त्या गावी वसविले, अशी परंपरा आहे. त्या विणकरांचे माग हे खड्डामाग होते. जमिनीत खड्डा खणावयाचा, विणकराने काठावर बसून पाय खड्ड्यात सोडावयाचे, पायांखालच्या पट्ट्या खड्ड्यातच. ह्या मागाचे गुण मोठे. जड, पक्का, हादरत नाही. जमिनीतील ओलावा धाग्यास लाभतो व धागा कमी तुटतो. पिढ्यानुपिढ्या ते चालले. परंतु त्याचा एक स्वभाव असा की तो घराशी बांधलेला असतो. माग उचलता येईल, खड्डा कसा उचलणार? भाड्याच्या खोलीत, वरच्या मजल्यावर, फरशी घातलेल्या घरात तो नेता येत नाही. महेश्वरात पुढे खड्डामागांची जागा बहुतांशी जमिनीवर उभ्या राहणाऱ्या, हलक्या चौकटीच्या मागांनी घेतली. कला बुडाली काय? उलट, १९७०च्या दशकाच्या अखेरीस तेथे रेवा सोसायटी स्थापन झाली, स्त्रियांस विणकाम शिकविण्यात आले, आणि आज किल्ल्याच्या दगडी नक्षीवरून घेतलेले काठ त्या नव्या चौकटींवरच विणले जातात. काठ तोच, रेशमाच्या ताण्यावर सुताचा बाणा तोच. खड्डे तेवढे बुजले.

मला ह्यात विशेष वाटते ते हे की नवा माग लहान वा हलका असणे म्हणजे विणकामाने माघार घेणे नव्हे. जो माग उचलून नेता येतो तो घर बदलणाऱ्या माणसाबरोबर जातो. २०१९-२०च्या हातमाग गणनेत देशातील पस्तीस लाखांहून अधिक हातमाग कामगारांपैकी सुमारे ७२ टक्के स्त्रिया असल्याचे आढळले. स्त्रीचे घर आपल्याकडे किती वेळा बदलते, हे सांगावयास नको. लग्नाने एकदा, नवऱ्याच्या बदलीने अनेकदा, उतारवयात मुलांकडे जाताना पुन्हा एकदा. खड्ड्याशी बांधलेले साधन तिच्यामागून येत नव्हते.

जुन्या साधनांचा कैवार घेणाऱ्यांत महात्मा गांधींहून मोठे नाव नाही. परंतु चरखा आहे तसाच राहावा असे त्यांचे म्हणणे कधीच नव्हते. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत: चरखा हलका असावा, झोपडीत सहज चालावा, स्त्रीस आठ तास फारसे श्रम न होता तो चालविता यावा, किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, आणि वेळच्या वेळी निगा राखल्यास वीस वर्षे टिकावा. ते बक्षीस कोणास मिळाले नाही. तथापि येरवड्याच्या तुरुंगवासात गांधीजींनी स्वतः ज्याच्या सुधारणेकडे लक्ष दिले, तो पेटीत मिटणारा चरखा येरवडा चक्र म्हणून पुढे देशभर गेला. मोठे चाक गेले, त्या जागी लहान दोन आली. जागा कमी लागली आणि सूत तेच निघाले. नवे साधन घ्यावे की नाही ह्याविषयी घरात वाद होईल तेव्हा त्या १९२९च्या अटी मोठ्याने वाचाव्यात. त्यांत जुन्याची भक्ती नाही आणि नव्याची हावही नाही. कोणाच्या अंगास किती श्रम, कोणाच्या झोपडीत किती जागा, किती वर्षांची निगा, एवढेच विचारलेले आहे.

हाव होते, हे मात्र नाकारण्यात अर्थ नाही. साधन नवे घेतले की आपले काम आपोआप सुधारेल ही आशा प्रत्येक कारागिरास भुरळ घालते, आणि विकणारे ती वाढवितात. ज्यास आयुष्यभर साधे कापड विणावयाचे आहे तो दहा प्रकारच्या नक्षींची सोय असलेला माग घेऊन बसतो. शिवाय प्रत्येक सुधारणा त्याच दिशेने नेत नाही. इचलकरंजीस १९०४ साली विठ्ठलराव दातार ह्यांनी पहिला यंत्रमाग चालू केला. त्या गावाचा उत्कर्ष त्यातून झाला हे खरे. परंतु त्या मागावर हाताची जागा यंत्रशक्तीने घेतली. तो निर्णय एका गावाच्या उद्योगाचा होता, व त्याचे गुणदोष वेगळ्या मापाने मोजावे लागतील. आपल्या गृहिणीस कापडाचे गज वाढवावयाचे नाहीत. तिला फक्त हात थांबू द्यावयाचा नाही. तेव्हा तिच्यापुरती कसोटी सरळ आहे: नव्या मागाने तिच्या हाताचे काम राहते की जाते?

आता जागा कमी करण्याविषयी. खोली लहान झाली की सर्वांची दृष्टी प्रथम मागावर जाते, कारण तो सर्वांत मोठा दिसतो. वस्तुतः मागाहून अधिक जागा त्याच्या भोवतालच्या संग्रहाने अडविलेली असते. ताणा तयार करावयास मागाच्या कितीतरी पट मोकळी लांबी लागते. पूर्वी विणकरांच्या गल्लीतच तो पसरत. तो तयार करवून आणला तर अर्धी खोली मोकळी होते. मग सुताचा साठा. अमुक रंग पुन्हा मिळणार नाही म्हणून घेतलेला, तमुक नातीच्या लग्नातील शालूसाठी ठेवलेला, आणि ती नात आता दोन मुलांची आई झालेली. ज्या दिवसासाठी ते सूत ठेवले तो दिवस एक तर होऊन गेला किंवा येणार नाही. त्या अधिक रुंदीच्या मागाचेही तसेच आहे. साडीच्या रुंदीचा माग दहा वर्षांत एकदाच साडीसाठी लागला असेल, तर उपरण्याच्या रुंदीचा पुरतो. रुंद चादर हवीच असेल तर दोन पट्ट्या जोडता येतात, आणि मधली शिवण काही लाजेची गोष्ट नाही. अपरिग्रहाचा अर्थ हाती घेतलेले काम सोडणे असा नाही. न होणाऱ्या कामांसाठी अडवून ठेवलेली जागा सोडणे, असा तो घ्यावा. आणि हेच कठीण असते, कारण माग देताना आपण एक वस्तू देतो, पण तो साठा देताना, आता शालू होणार नाही, हे आपणच आपल्याला सांगावे लागते.

हे सांगणे तिचे तिनेच केले पाहिजे. मुलांनी आईच्या परोक्ष खोली रिकामी करणे हा आमच्या समाजात सर्रास होणारा प्रकार आहे आणि तो सद्‌हेतूने होतो. सामान हलविण्याच्या दिवशी तिला त्रास नको म्हणून तिला मावशीकडे पाठवितात, आणि ती परत येते तेव्हा सर्व काही नीट लावलेले असते. तिचे आभार मानावेत अशी अपेक्षाही असते. ज्या हाताने धागा न् धागा मोजून ठेवला, त्या हातास कोणता धागा टाकावा हे विचारले जात नाही. चार दिवस उशीर झाला तरी चालेल. प्रत्येक लडी तिच्यासमोर काढावी, आणि ती जे ठेव म्हणेल ते ठेवावे, मग ते आपणास निरुपयोगी का वाटेना.

राहिला जुना माग. तो भंगारात देण्यापूर्वी तो चालविणारे कोणी मिळते का, हे पाहणे एवढे ऋण त्याचे खचित आहे. शिकणाऱ्या मुलीस ढिल्या सांध्यांचा मागही उपयोगी पडतो. सुतारास दाखवून चौकट काटकोनात आणविली, दोऱ्या बदलल्या, तर तो आणखी काही वर्षे चालेल. मात्र देताना पुरता द्यावा. फणी, धोटे, कांड्या भरण्याचे चाक, हे सर्व बरोबर जावे, नाही तर घेणाऱ्याच्या घरी तो लाकडांचा ढीगच होतो. सुटा करण्यापूर्वी प्रत्येक जोडावर खडूने खूण करावी, आणि देणारीने स्वतः जाऊन तो एकदा उभा करून द्यावा. कोणती दोरी किती ओढावयाची, हे कागदावर लिहून कळत नाही. घेणाऱ्याच्या जागेची लांबीरुंदी आधी मोजून घ्यावी. खड्डामाग असेल तर मागे राहिलेला खड्डा मुरूम घालून, पाणी मारून, थराथराने चोपून भरावा व एक पावसाळा जाऊ द्यावा. घाईने वर फरशी घातली तर ती त्या जागी खचते.