सरांची मान का हलली?



उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यात बुधवारी दानीएलच्या पुस्तकातून वाचन असते. काही वर्षांपूर्वी संध्याकाळच्या मिस्सात एक तरुण ते वाचत होता. ‘नबुखद्नेस्सर’ या नावावर तो अडखळला. त्याने वर पाहिले, तर पहिल्या बाकावर बसलेले एक निवृत्त शिक्षक नकारार्थी मान हलवत होते. त्या दिवसानंतर त्याने वाचकांच्या यादीतून आपले नाव काढून घेतले. “सरांना आवडलं नाही, फादर. मिस्सा संपल्यावर माझ्याशी न बोलताच निघून गेले,” असे त्याने मला पुढे सांगितले.

खरी गोष्ट निराळी होती. उतारवयातल्या एका विकारामुळे सरांची मान आपोआप हलते. लोक आपल्याला हसतात असे त्यांना वाटे. कोणाचे चेहरे दिसू नयेत म्हणून ते पहिल्या बाकावर बसत आणि आशीर्वाद होताच घर गाठत. त्या तरुणाने नजर चुकवली तेव्हा सरांनाही वाटले, हासुद्धा माझ्या मानेला बिचकला. दोघांना एकच भीती होती आणि दोघांनीही तिच्या सांगण्यावरून एकमेकांचा अर्थ लावला.

मन धास्तावलेले असले की निकाल आधी लागतो आणि पुरावा मागून शोधला जातो. आठवडाभर डोंबिवली-कल्याणहून लोकलच्या गर्दीत ये-जा करणारा माणूस रविवारी थकलेला चेहरा घेऊन चर्चमध्ये येतो. आपण म्हणतो, “हा माझ्यावर रागावलाय.” अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लाज वाटावी असा टी-शर्ट घालून विद्यार्थ्याला इतर विद्यार्थ्यांच्या खोलीत पाठवले. साधारण निम्म्या जणांनी तो पाहिला असेल, असा या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्श्याच्याच तो लक्षात आला होता.

उत्पत्तीच्या ५०व्या अध्यायात योसेफाचे भाऊ असेच वागतात. याकोब मिसर देशात १७ वर्षे राहिला. तेवढी वर्षे भावांनी योसेफाच्या घरचे अन्न खाल्ले, त्याची क्षमा अनुभवली. तरी बाप वारताच त्यांना वाटले, आता हा सूड घेणार. समोर जायचे धैर्य होईना, म्हणून आधी निरोप पाठवला. तो ऐकून योसेफ रडला. इतक्या वर्षांच्या प्रेमानंतरही भावांना आपण कळलो नाही, याचेच ते रडू असावे. पापनिवेदनाला यायचे टाळताना आपणही देवाच्या चेहऱ्यावर असाच राग कल्पितो ना?

यात माझीही चूक आहे. त्या तरुणाने नाव का काढले, हे मी कित्येक महिने विचारलेच नाही. विचारले, तेव्हा पाच मिनिटांत उलगडा झाला. मग तो सरांच्या घरी गेला. सरांनी चहा पाजला आणि ते अवघड नाव तोडून तोडून त्याच्याकडून म्हणून घेतले. पुढच्या उपवासकाळात तेच वाचन त्याने केले. सरांची मान तेव्हाही हलत होती.

काहींची भीती याहून खोल असते. चारचौघांत बोलायचे म्हटले की छाती धडधडते; शाळा, नोकरी, लग्नकार्ये टाळली जातात. हा आजार असू शकतो. तो पाप नव्हे आणि श्रद्धेची उणीवही नव्हे. त्यावर उपचार आहेत. ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचे काम करते. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून रात्रंदिवस मोफत उपलब्ध आहे. प्रार्थना करा आणि मदतही घ्या.

या आठवड्यात एकच करू या. ज्याचे मौन आपल्याला टोचते आहे, त्याला भेटून प्रेमाने विचारू या, “बरे आहात ना?” उत्तर ऐकल्यावर मगच अर्थ लावू या.

प्रभूची शांती तुमच्या घरी नांदो.

ख्रिस्तामध्ये तुमचा,
प्रमुख धर्मगुरू