नकाराची नोंद

1900 सालच्या 31 डिसेंबरला व्हिएन्नातली अठरा वर्षांची इडा बाउअर सिग्मंड फ्रॉइडला म्हणाली, आजची भेट शेवटची. हे कधी ठरवलं, त्याने विचारलं. पंधरा दिवसांपूर्वी, ती म्हणाली. पंधरा दिवसांची नोटीस तर मोलकरीण देते किंवा घरी शिकवायला ठेवलेली बाई, असं म्हणून फ्रॉइड त्या आकड्याचाही अर्थ लावत राहिला. इडाने सगळं ऐकून घेतलं, नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या आणि निघून गेली. जेमतेम अकरा आठवडे चाललेल्या या उपचारांचा वृत्तांत फ्रॉइडने लगेच जानेवारीत लिहून काढला आणि 1905 मध्ये ‘डोरा’ या टोपणनावाखाली छापला. मानसोपचार शिकणारी मुलं आजही तो वाचतात. वाचून स्वतःची पहिली केस लिहायला बसतात, तेव्हा त्या वृत्तांतातला न सुटलेला प्रश्न त्यांच्याही पुढ्यात येतो: दुसऱ्याच्या मनाबद्दल शेवटचा शब्द कुणाचा?

आपल्याकडे रुग्णालयांतून केस हिस्टरी लिहिण्याचा साचा ठरलेला असतो. वय, शिक्षण, तक्रारी, आजाराचा इतिहास, घरची माणसं, मग एमएसई म्हणजे मनःस्थितीची तपासणी, त्यात शेवटी ‘इनसाइट’ची ग्रेड. ग्रेड 1 म्हणजे आपल्याला आजार आहे हेच त्या माणसाला मान्य नाही. ग्रेड 6 म्हणजे त्याला तो मनापासून उमगला आहे. साचा वाईट नाही. तो नसेल तर नवख्याकडून जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार कधी आला होता का, हा प्रश्नच विचारायचा राहून जाईल. पण याच साच्यात वरच्या बाजूला ‘इन्फॉर्मंट’ असा एक रकाना असतो. माहिती कुणी दिली, ती विश्वासार्ह आहे का, पुरेशी आहे का. सुनेला सासू घेऊन आलेली असते, मुलाला वडील. सासूच्या नावापुढे ‘विश्वासार्ह’ असा शेरा पडला, की खाली सुनेच्या ‘मला काही झालेलं नाही’ या वाक्याला ग्रेड 1 मिळायला वेळ लागत नाही.

इडाच्या केसमध्ये माहिती देणारे होते तिचे वडील. घरोब्यातल्या एका विवाहित पुरुषाने, वृत्तांतात त्याचं नाव ‘के.’ आहे, ती जेमतेम चौदा वर्षांची असताना आपल्या दुकानात तिला जबरदस्तीने जवळ ओढून मुका घेतला होता. पुढे एका तळ्याकाठी त्याने पुन्हा तिच्यापुढे प्रस्ताव ठेवला आणि तिने त्याच्या थोबाडीत मारली. के.ने हात झटकले. वडिलांनी त्याचंच खरं मानलं. वडिलांचे के.च्या बायकोशी संबंध होते. पोरीला जरा ताळ्यावर आणा, एवढीच त्यांची डॉक्टरांकडून अपेक्षा होती.

फ्रॉइडने वडिलांचं ऐकून मुलीला खोटं पाडलं नाही, हे आधी नोंदवायला हवं. घटना घडल्या, हे त्याने मानलं. अन्याय झाला तो पुढच्या पायरीवर. दुकानात त्या पुरुषाने ओढून घेतल्यावर मुलीला किळस आली, तर ती किळसच फ्रॉइडने हिस्टेरियाचं लक्षण ठरवली. तिचं मनातून के.वर प्रेम आहे, हा त्याचा निष्कर्ष. ती नाही म्हणाली, की तो नकार म्हणजे दडपलेला होकार. ज्या व्यवस्थेत ‘नाही’ला ‘नाही’ म्हणून जागाच नाही, तिथे समोरच्याने चूक दाखवायची तरी कशी? याच वृत्तांताच्या शेवटी फ्रॉइड प्रामाणिकपणे नोंदवतो, की 1902 च्या एप्रिलमध्ये इडा पुन्हा येऊन गेली. मधल्या काळात तिने के. पतिपत्नींना समोरासमोर विचारलं होतं, आणि के.ने तळ्याकाठचा प्रसंग कबूल केला होता.

फ्रॉइडने तिची परवानगी घेतलेली नव्हती. आपण सांगितलेलं छापलं जाणार हे कळलं तर रुग्ण बोलणारच नाहीत, असं त्याचं म्हणणं. ही अडचण खरी आहे, आणि धर्मपरंपरेने ती फार पूर्वी वेगळ्या वाटेने सोडवली. गोव्यातली ख्रिस्ती माणसं ज्याला कुमसार म्हणतात, त्या कबुलीत पाद्री ऐकतो आणि गप्प राहतो. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, कबुली फोडणाऱ्या पाद्रीला पदावरून काढून कडक मठात आयुष्यभर प्रायश्चित्ताला धाडावं, असा नियम केला. थेरपिस्टला हे मौन परवडत नाही. नवख्याने लिहिलं नाही आणि सुपरवायझरने वाचलं नाही, तर त्याची चूक कुणाला दिसणारच नाही, आणि तिची किंमत क्लायंट मोजेल. म्हणजे लिहायला तर हवंच. प्रश्न आहे तो कसं लिहायचं याचा.

मराठी गद्याच्या उगमाशीच याचं एक उत्तर सापडतं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा लिहिल्या त्या, ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून, विचारून. लीळाचरित्राच्या पोथ्यांत एकाच प्रसंगाच्या वेगवेगळ्या आठवणी शेजारी शेजारी टिकून आहेत. एक खरी धरून बाकीच्या पुसलेल्या नाहीत. ज्याला साक्षात ईश्वर मानलं त्याच्याबद्दल लिहितानाही जिथे अशी जागा ठेवली गेली, तिथे ओपीडीत भेटलेल्या माणसाबद्दल एकच एक, गुळगुळीत कथा लिहिण्याचा अधिकार कुणाला कसा मिळतो?

अमेरिकेत आयर्विन यालोम या मानसोपचारतज्ज्ञाने असाच एक प्रयोग केला. फी देणं न परवडणाऱ्या एका लेखिकेशी त्याने ठरवलं, की प्रत्येक सत्रानंतर दोघांनी स्वतंत्रपणे लिहायचं आणि काही महिन्यांनी एकमेकांचं वाचायचं. 1974 मध्ये या दुहेरी नोंदींचं पुस्तक झालं. यालोमला अभिमान होता आपण लावलेल्या बारीक अर्थांचा. तिने ते ऐकलेसुद्धा नव्हते. तिच्या लक्षात राहिलं होतं ते त्याने कपड्यांचं केलेलं कौतुक, उशीर झाला म्हणून मागितलेली माफी. एकट्या थेरपिस्टने रिपोर्ट लिहिला असता, तर यातलं एक अक्षरही त्यात आलं नसतं.

नकार कधी कधी खरोखरच आजाराचा भाग असतो. उन्मादाच्या भरात तीन रात्री न झोपलेला माणूसही ‘मला काही झालेलं नाही’ असंच म्हणतो, आणि तिथे त्याच्यावर विसंबून राहणं घातक ठरेल. पण ही शक्यता लिहिणाऱ्याची बाजू भक्कम करत नाही. तिच्यामुळे आपण हा नकार आजार का मानला, कशावरून मानला, हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 23 ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तसा कलम 25 ने स्वतःची मूलभूत वैद्यकीय नोंद पाहण्याचाही. ज्याच्याबद्दल लिहिलं जातं, तो आता त्या लिखाणाचा हक्काचा वाचक आहे. त्याला डोळ्यांसमोर ठेवलं की वाक्यं बदलतात. ‘क्लायंट सहकार्य करत नाही’ या शेऱ्याच्या जागी लिहावं लागतं, की चौथ्या सत्रात मी तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं, त्यानंतर ती गप्प झाली, आणि का झाली ते मला अजून कळलेलं नाही. अशा वाक्याचे मार्क परीक्षकांनी कापू नयेत.