शत्रूचं गाढव आणि प्रीतीची आज्ञा

आजचे वाचन: निर्गम 23:4-5, लेवीय 19:9-18



प्रीतीबद्दल वाचायचं म्हटलं की आपण सरळ 1 करिंथ 13 उघडतो. लग्नाच्या उपासनेत तोच अध्याय, भिंतीवरच्या फ्रेममध्येही तोच. पण पौलाने तो कोणाला लिहिला? भाऊ भावाला कोर्टात खेचत होता (अध्याय 6), प्रभुभोजनाला एक उपाशी बसायचा आणि दुसरा पिऊन तर्र व्हायचा (अध्याय 11), अशा मंडळीला. आणि 4 ते 7 या वचनांत प्रीतीचं जे वर्णन आहे, ते मूळ ग्रीकमध्ये सगळं क्रियापदांनी केलंय. प्रीती कशी वाटते हे तिथे नाहीच. ती काय करते आणि काय करत नाही, एवढंच आहे.

मागच्या आठवड्यात बायबल स्टडीनंतर एका ताईंनी विचारलं, "दादा, ज्या जावेने मला बारा वर्षं पाण्यात पाहिलं, ती आता अंथरुणाला खिळलीय. रोज पेज मीच करून देते. पण मनात प्रेम नाही हो, रागच आहे. मग हे ढोंगच झालं ना?"

प्रश्न सोपा नाही. कारण 1 करिंथ 13:3 मध्ये पौल म्हणतो की सगळी मालमत्ता वाटून टाकली आणि प्रीती नसली, तर मला काही लाभ नाही. पण नीट वाचा. लाभ 'मला' नाही. ज्याला अन्न मिळालं त्याचं पोट भरलं नाही, असं पौल म्हणत नाही.

आता निर्गम 23:5. तुमचा द्वेष करणाऱ्या माणसाचं गाढव ओझ्याखाली बसलंय. त्याला सोडून पुढे जायचं नाही, त्याच्यासोबत हात लावून ते उठवायचं. मनात काय असावं याबद्दल तिथे एक शब्द नाही. पण एकाच ओझ्याला दोघांनी हात लावायचा म्हणजे शेजारी उभं राहणं आलं, "हं, उचल" म्हणणं आलं. (आमच्या कामातही तसंच. कोडवर कमेंट कितीही गोड लिहिली तरी शेवटी कोड काय करतो तेच बघतात.)

लेवीय 19:18 मधली शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञाही कुठे येते बघा. शेताच्या कडा गरिबांसाठी सोडा, मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नका, बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका, यांच्या रांगेत! भावना हुकमावर येत नाही, पण मजुरी संध्याकाळी देता येते.

मग ढोंगाचं काय? जे नाही ते आहे असं दाखवणं म्हणजे ढोंग. ताई जावेशी लाडीगोडी लावत नाहीत, मंडळीत सांगत फिरत नाहीत. राग आहे हे त्या कबूल करतात. रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात पौल 9व्या वचनात ढोंग नसलेली प्रीती मागतो आणि 20व्या वचनात भुकेल्या शत्रूला खायला घालायला सांगतो. त्याला यात विसंगती दिसत नाही. मलाही दिसत नाही.

तरी देव पेजेवर थांबत नाही, हेही खरं. लेवीय 19:17 सरळ मनात हात घालतं: भावाचा द्वेष मनात ठेवू नका. आणि लगेच उपायही सांगतं, तो गप्प बसून सोसण्याचा नाही. त्याची चूक त्याला तोंडावर सांगा, म्हणतं. आपल्याकडे, विशेषतः सुनांना, प्रेम म्हणजे सोसणं एवढंच शिकवलं जातं; या वचनावर प्रवचन मी तरी फार ऐकलेलं नाही. बारा वर्षांत काय काय लागलं हे ताईंनी जावेला एकदाही सांगितलेलं नाही. पेज देताना बोलणं होतं ते औषधाचं.

प्रार्थना: प्रभू, ज्या घरात आजाऱ्याची सेवा चालू आहे पण बोलणं बंद आहे, तिथे पहिलं वाक्य तू सुचव. आमेन.

उद्याचे वाचन: लूक 10:25-37